मुठीवरचं फडकं

माझी डावी मूठ आता पुरती मिटत नाही. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट अर्ध्यावर येऊन थांबतात, जसे दोन अडेल बैल बांधाशी येऊन थांबतात तसे. घाटंजीच्या डॉक्टरानं हात दाबून पाहिला आणि म्हणाला, "बावाजी, वय झालं." मी म्हटलं, "वय माहं झालं, बोटाचं काहून झालं?" तो हसला, गोळ्या लिहून दिल्या. त्या मी खाल्ल्या नाहीत. मी कसा माणूस आहे हे आधीच कळलेलं बरं, म्हणून हे सांगितलं.

शाळा मी चौथीपर्यंत पाहिली. लिहितो ते बोलल्यासारखं लिहितो. आमचं पोड म्हणजे टेकडीखालची थोडी घरं, एक हातपंप, आणि कडेला मोहाचं जुनं झाड. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी त्या झाडाला कोहळं टांगतात आणि पोडातले गडी धनुष्यानं ते भेदतात. आम्ही धनुष्याला कमठा म्हणतो. कमठा बांबूचा, दोरीही बांबूच्या सालीची. पहिला बाण आमच्या घराचा. माझ्या बापानं मारला, त्याच्या बापानं मारला. तो बाण कोहळ्यात रुतल्याशिवाय दुसऱ्या कोणी कमठा उचलायचा नाही, आणि चूलही पेटवायची नाही. कारण भेदलेलं कोहळं तिथंच चिरून त्याची भाजी होते आणि सगळं पोड एका पंगतीत जेवतं. पहिल्या बाणाचा माणूस चुकला, तर लेकरापासून म्हाताऱ्यापर्यंत सगळे उपाशी.

मागच्या दसऱ्याला मी सगळ्यांना उपाशी ठेवलं.

बाण सोडला की कमठा हातात फिरायचा. मूठ मिटत नाही म्हणजे त्याला धरून ठेवणारं कोणी नाही. कधी बाण डावीकडे, कधी उजवीकडे, कधी झाडाच्या बुंध्यात. ऊन माथ्यावर आलं आणि कलंडलं. लेकरं रडायला लागली. बायांनी आणलेलं वाटण सुकलं, त्यावर पाणी शिंपडून शिंपडून त्यांनी ते जिवंत ठेवलं. शेवटी एक बाण कसाबसा कोहळ्याच्या कडेला लागला. टोक आत गेलं का नुसतं घासलं, हे पाहायला कोणी गेलं नाही. "लागला, लागला!" म्हणून पटकन दोर कापला. कोणी मला एक शब्द बोललं नाही. जेवताना माझ्या पानात भाजीची मोठी फोड वाढली.

कोणी शिवी दिली असती तर मी उलट शिवी देऊन मोकळा झालो असतो.

तेव्हा मुठीला काहीतरी करणं आलं. पण आमच्यात कमठ्याची मूठ, म्हणजे धरायची जागा, उघडी असते. नुसता बांबू, घासून गुळगुळीत केलेला. माझा बाप म्हणायचा, मूठ हातानं भरायची, चिंधीनं नाही. आणि हे मी बापापेक्षा मोठ्यानं म्हणत आलो. माझा साळा आमच्याच पोडात राहतो, खालच्या अंगाला. जीभ एका जागी न ठरणारा माणूस. त्यानं एका साली आपल्या मुठीला सुतळी गुंडाळली होती, तर मी भर मैदानात त्याला म्हटलं होतं, "हे काय, बैलाची वेसण होय काय? ज्याच्या मुठीत दम नाही त्यानं कमठा बायकोच्या हाती द्यावा."

तो म्हणाला होता, "देतो ना भाऊजी. पण तुमची बहीण थोडीच होय ते, का नेम चुकवंन!"

लोक हसले होते. मीही हसलो होतो, पण त्यानं त्याच दिवशी सुतळी सोडून टाकली.

मी हार मानून पहिला बाण मारणं सोडलं असतं तर पुढचं घर साळ्याचं. रीत तशी आहे. पहिला बाण एकदा घरातून गेला की परत येत नाही. माझा मुलगा लोहाऱ्याला कारखान्यात आहे, सणाला येतो तर मोबाईलवर आमचे फोटो काढतो. कमठा त्याला ओढता येत नाही. म्हणजे माझ्यानंतर हा बाण जाणारच, हे मला कळत होतं. पण माझ्या डोळ्यांदेखत, आणि माझ्या बोटांपायी जावा, हे मला सोसत नव्हतं.

यंदा आषाढातच मी कामाला लागलो. आधी सुतळी गुंडाळली, सुतळी तळहाताला चावली. मग सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी काढून सगळ्या मुठीला वेढे दिले. पकड आली, पण मूठ मुसळाएवढी झाली. जी बोटं अर्धी मिटत होती ती पावच मिटायला लागली. दोन वेढे कमी केले की कमठा फिरायचा, वाढवले की बोटं उघडायची. असं कित्येक दिवस चाललं. बायको पाहत होती. एकदा म्हणाली, "काय करून राह्यले तुमी? त्या बांबूले रोज नेसवता अन् रोज सोडता."

"तुले काय करा लागते?"

"मले काही नाही. नेसवाचं असंन तं धड नेसवा म्हटलं."

उत्तर सापडलं तेही तिच्याच परातीत. ती भाकरीला ज्वारीचं पीठ मळत होती. मी बाजूला बसून, काही कारण नसताना, एक गोळा उचलला आणि कमठा धरावा तसा मुठीत दाबला. मूठ उघडून पाहिली तर गोळ्यावर माझ्या हाताचं आतलं अंग उमटलेलं. बोटांकडे चापट, आणि अंगठ्याखालच्या खळग्यात चांगला फुगीर. तेव्हा समजलं. माझ्या मुठीला चारी बाजूंनी जाडी नको होती. खळगा तेवढा भरायला पाहिजे होता. खळगा भरला की बोटांवर भारच येत नाही. ती अर्धी मिटोत की पाव, कमठा तळहातावर बसून राहतो.

"ठेवा ते," बायको म्हणाली. "भाकरीचं पीठ होय, खेळाचं नाही."

मी गोळा तसाच उन्हात वाळवला. पांगाऱ्याचं हलकं लाकूड आणलं, गोळा समोर ठेवून विळ्यानं कोरलं, फुटक्या बाटलीच्या काचेनं घासलं. हातात घेऊन पाहायचं, जिथं टोचेल तिथं पुन्हा घासायचं. मग तो तुकडा मुठीच्या आपल्याकडच्या अंगाला, जिथं तळहात टेकतो तिथं, सुती दोऱ्यानं आवळला. वरून ट्यूबचा एकच पातळ वेढा. पहाटे तुरीच्या शेतात जाऊन मारून पाहिलं. कमठा हालला नाही. बाण जिथं डोळा तिथं. मी तिथं एकटाच हसलो, हे सांगायला हरकत नाही. एवढं नीट काम मी आयुष्यात थोडंच केलं होतं.

हे मी तसंच उघडं घेऊन मैदानात गेलो असतो तर ही गोष्ट इथंच संपली असती.

बायको म्हणालीच होती. "सांगून टाका ना लोकायले, बोटं मिटत नाही म्हून मूठ केली. कोन खाते तुमाले?"

"तुह्या भावाले काय सांगू? त्याले वेसण म्हटलं मी."

"मंग आता तुमी बांधा. तो बी म्हनंन. दोघंबी बैल!"

मला ते मानवलं नाही. जुन्या लाल शेल्याची पट्टी फाडली आणि मुठीवर अशी गुंडाळली की लाकूडही दिसू नये आणि ट्यूबही. कोणी विचारलं तर म्हणायचं, नवसाचं फडकं आहे. आमच्यात नवसाची फडकी झाडाला बांधतात. कमठ्याला कोणी बांधत नाही. पण देवाचं नाव घेतलं की कोणी सोडून पाहणार नाही, एवढाच माझा हिशेब.

दसऱ्याचा दुसरा दिवस. कोहळं टांगलं, डफडं वाजायला लागलं. मी कमठा घेऊन पुढे झालो तर पहिला डोळा साळ्याचाच गेला.

"हे लाल लाल काय होय, भाऊजी? कमठ्याचं लगन लावता काय?"

"नवस आहे," मी म्हटलं.

"कोनासाठी?"

पोरासाठी म्हटलं असतं, बायकोच्या गुडघ्यासाठी म्हटलं असतं, तरी चाललं असतं. पण सगळे ऐकत होते आणि माझी मान ताठ होती. मी म्हटलं, "सगळ्या पोडासाठी."

तोंडातून गेलं आणि लोकांचे चेहरे बदलले. मागच्या साली ज्यांना मी उपाशी ठेवलं ती माणसं माझ्याकडे अशा नजरेनं पाहायला लागली की मला आत गुदगुल्या झाल्या. साळासुद्धा हात जोडून म्हणाला, "मंग माहं बोलनं वापस."

मग बाया उठल्या. झाडाच्या नवसाच्या फडक्याला घरोघरची बाई तेल-हळद लावते, ही रीत मला माहीत होती. कमठ्याच्या फडक्यालाही लावतील, हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं. पण नवस सगळ्या पोडाचा म्हटल्यावर कोण मागे राहणार? एकेक बाई आली. मोहाच्या बियांचं तेल, बोटबोट, कोणी पसाभर. मी कमठा मागे घेऊ शकत नव्हतो. माझी बायको तेवढी जागची उठली नाही. पदराचं टोक दातात धरून जमिनीकडे पाहत बसली.

शेवटी आली ती आमच्या भावकीतली सून. तिची मुलगी, शाळेत जाणारी, यवतमाळच्या दवाखान्यात होती. सिकलसेल, रक्तातला आजार. सणाच्या आधी अंग ठणकायला लागलं म्हणून नेली होती. बाप तिच्यापाशी होता आणि आई सणापुरती घरी आली होती. तिनं वाटीतलं सगळं तेल फडक्यावर ओतलं, कपाळ टेकलं आणि किती वेळ उचललं नाही. माझ्या मुठीला तिच्या कपाळाची ऊब लागत होती. मग म्हणाली, "मामाजी, बरं केलं तुमी." आणि बाजूला जाऊन फोन लावला. तिचं बोलणं मला ऐकू आलं. "हाव, हाव. आजानं नवस बांधला. तुह्या नावानं हात लावला मी. आता भेव नोको."

तेव्हाच बोलायला पाहिजे होतं. डफडं वाजत होतं. मी बाण लावला.

फडकं तेलानं चिंब, त्याखाली ट्यूबचा वेढा, त्याखाली दोरा. दोरी ओढली तशी सगळी मूठ हातात साबणासारखी सरकली आणि बाण तुरीत गेला. "होते, होते," कोणी तरी म्हणालं. मी हात धोतराला पुसला आणि दुसरा बाण लावला. या वेळी जीव लावून ओढला. बाण सुटला आणि त्याच्याबरोबर कमठाही हातातून उडाला. समोर जाऊन मातीत आपटला.

कमठा भुईला पडला म्हणजे आमच्यात वाईट. नुसता पडला तरी वाईट, आणि हा तर नवसाचा. डफडं थांबलं. ती सून धावत आली, पण कमठ्याला हात लावायची तिची हिंमत होईना. ती त्याच्याशेजारी मातीत बसली.

"मामाजी, हा काहून पडला?" ती म्हणाली. "काय होईन आता? माह्या पोरीले काय होईन?"

कमठा साळ्यानं उचलला. मुठीवर हात पडताच त्याला कळलं. त्याचा अंगठा फडक्यावरून फिरला, लाकडाच्या फुगीरपाशी थांबला, ट्यूबच्या कडेवर थांबला. त्यानं माझ्याकडे पाहिलं. मी वाट पाहत होतो. आता हा मोठ्यानं बोलणार, वेसण म्हणणार. त्याचा हक्कच होता.

तो लोकांकडे वळून म्हणाला, "काही नाही हो! तेलच लई झालं. बायायनं भजे तळाले घेतलं जसं. फडकं सोडून झाडाले बांधू अन् भाऊजी मंग मारतीन. नवस तिथंबी चालते." आणि माझ्या जवळ येऊन हळू म्हणाला, "मी आडवा उभा राह्यतो. तुमी पाठ करून सोडा. कोनाले दिसत नाही."

ज्याला मी भर मैदानात हसलो, तो मला आडोसा देत होता. मी घेतलाही असता. पाठ फिरवलीसुद्धा. पण ती बाई अजून मातीतच बसलेली होती, आणि झाडाला बांधून तिचं काही मिटणार नव्हतं. तिच्या डोळ्यांसमोर कमठा पडला होता. ती तशीच बसमध्ये बसून मुलीकडे जाणार होती.

मी फडकं सगळ्यांसमोर सोडलं. पिवळं तेल मनगटावरून कोपरापर्यंत ओघळलं. खाली काळी ट्यूब, तिच्याखालून डोकावणारं पांगाऱ्याचं लाकूड. मी म्हटलं, "नवस नव्हता. माह्या जुन्या शेल्याची चिंधी होय. बोटं मिटत नाही म्हून मूठ केली अन् ते लपवाले बांधली. कमठा तेलानं पडला. दुसरं काही नाही. पोरीले काही होत नाही."

आवाज मला वाटला त्यापेक्षा बारीक निघाला. मागच्यांना ऐकू गेलं नाही, तर पुढच्यांनी मागच्यांना सांगितलं. ते मागे मागे जाताना मी ऐकत होतो.

सून उठली. तोंडावरची भीती गेली होती, पण तिच्या जागी जे आलं ते मला भीतीपेक्षा जड गेलं.

"मंग मी पोरीले काय सांगू?" ती म्हणाली. "आत्ता फोनवर सांगतलं ना मी तिले."

मी कमठा साळ्यापुढे धरला. "तू मार. आजपासून तुह्या घराचा."

"मी कायले मारू?" तो म्हणाला. "ही मूठ तुमच्या हाताच्या मापाची केली तुमी. माह्या हातात बसंन काय ती? अन् माह्या कमठ्याले तं तुमी सुतळीबी ठेवू देली नाही." तो हसला नाही. "मारा लवकर. लेकरं भुकेजले."

कोणी तरी घरच्या चुलीतली कालची राख आणून दिली. मी मूठ राखेनं चोळली, ट्यूब काढून फेकली, नुसतं लाकूड ठेवलं. उभा राहिलो. कमठा तळहातावर बसला, हालला नाही. बाण कोहळ्याच्या मधोमध गेला, पिसांपर्यंत. इतका सरळ बाण माझ्या तरुणपणीही गेला नव्हता.

मग लोक मूठ पाहायला आले. हातोहात फिरवली. "बुढ्यानं लई झाक केली बुवा." "आमालेबी करून द्या ना." माझा मुलगा फोटो काढत होता. बायको भाजीच्या पातेल्यापाशी गेली ती मागे वळली नाही. मी मान खाली घालून, ज्याच्या त्याच्या हाताचं माप सांगत होतो. जेवायच्या वेळी सून पंगतीत नव्हती. लाल चिंधी मातीत पडली होती, तेलानं माती चिकटलेली. ती मी उचलून खिशात घातली. कुठं टाकावी ते कळेना.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं ती यवतमाळला निघाली, तर मीही स्टँडवर जाऊन उभा राहिलो. तिनं मला पाहिलं आणि समोरच्या दारानं चढली. मी मागच्या बाजूला बसलो. दवाखान्यात तिच्या मागे मागे चालत गेलो. मुलगी उशीला टेकून बसली होती, सलाईनचा हात पोटावर धरून. मला पाहून म्हणाली, "आजा, लागलं काय कोहळं?"

"लागलं."

"लवकर?"

"तिसऱ्या बाणाले."

"मंग सगळे जेवले टाइमावर." ती बापाकडे पाहून हसली. "मागच्या साली तं आजानं दुपार केलती."

मग मी तिला सांगितलं. फडकं, लाकूड, तेल, सगळं. मुलीला नवस खोटा होता हे सांगणं पोडासमोर सांगण्यापेक्षा कठीण गेलं. मी थांबत थांबत सांगितलं. ती ऐकत राहिली. मग म्हणाली, "दाखवा बरं हात." मी दाखवला. तिनं माझी करंगळी धरून मिटवायचा प्रयत्न केला, जोरानं. बोट जिथं थांबायचं तिथं थांबलं.

"दुखते काय?"

"नाही," मी म्हटलं. दुखलं होतं.

तिची आई खिडकीपाशी उभी होती. बाहेर पाहण्यासारखं काही नव्हतं, पाण्याची टाकी आणि भिंत. तरी ती बाहेरच पाहत होती.

मुलगी दिवाळीच्या आधी घरी आली. आता शाळेत जाते. रस्त्यात दिसली की "काय आजा, मूठ कशी आहे?" म्हणून विचारते. तिच्या बापाच्या कमठ्यालाही मी लाकूड कोरून दिलं. साळ्यालाही दिलं. त्यानं ते हातात घेऊन "वेसण" एवढंच म्हटलं आणि बसवून घेतलं. तिची आई हातपंपावर असली तर मी जाताच घागर अर्धी भरलेली असो की पूर्ण, उचलून निघून जाते. राम राम घेत नाही. मी पंपावर जायची वेळ बदलून पाहिली. लपणं एकदा झालं, म्हणून मग पुन्हा पहिलीच केली. तिनं बदलावी तर बदलावी.